जुनी पिकअप सकाळी उठत नाही आणि घाटात दम सोडते, तर पंप-नोझल करून घ्यावे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०१० ची डिझेल पिकअप, डिझेलला दाब देणारा साधा मेकॅनिकल पंप. सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत उठते. एकदा उठली की दिवसभर लगेच लागते. सनावदकडून माल भरून इंदूरला येताना भेरूघाटात दम सोडते, धूर मात्र काळा येत नाही. तिथेच पाण्याच्या तापमानाचा काटाही चढतो. जाताना घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाल्याने पंप आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही नोझलचे ३५ हजार सांगितले आहेत.

पंप उघडू नका. निदान पुढच्या गोष्टी पाहून होईपर्यंत तरी नाही. मी इंदूरचाच, वडिलांच्या काळापासून आमच्या घरच्या दोन जुन्या पिकअप चोइथराम मंडीला बटाटा-लसूण वाहतात. चांगले पंप विनाकारण उघडलेले मी पाहिले आहेत, आणि एकदा उघडलेला पंप पुन्हा पहिल्यासारखा बसेलच असं नाही.

"दिवसभर लगेच लागते" हे तुमचंच वाक्य पंपाच्या बाजूने साक्ष देतं. पंप आतून झिजला की त्रास बरोबर उलट्या वेळी होतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून आतल्या आत परत फिरतं आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझलपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. म्हणजे अशी गाडी पहाटे उठते आणि दुपारी मंडीत माल उतरवून निघताना अडते. पंपावर गार पाण्याचं फडकं ठेवलं की पुन्हा लागते. तुमचं तसं नाही.

तुमची गाडी रात्री बहुधा एअर घेते. आपल्याकडचे मिस्त्री "एअर ले रही है" म्हणतात ते हेच. टाकी खाली, इंजिन वर. फीड पंप, म्हणजे मोठ्या पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप, ते ओढतो, त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे रबर तडकलं किंवा तांब्याचं वॉशर दबून गेलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. "पाइप कोरडा आहे, म्हणजे ठीक आहे" असं म्हणून सगळे तिथेच फसतात. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या बारीक छिद्रातून हवा जाते, डिझेल उतरून टाकीत परत जातं, आणि सकाळी तुमचा सेल्फ रिकामा पाइप भरत बसतो. चालू गाडीत पाइप भरलेला असतो, म्हणून दिवसा तक्रार नाही.

हे पकडायला शंभर-सव्वाशे रुपयांची पारदर्शक नळी पुरते, मात्र डिझेल सोसणारी घ्या. फीड पंपाच्या आधीचा थोडा रबरी पाइप काढून तिथे ती क्लिपांनी घट्ट बसवा, एअर काढा, गाडी चालू करून नळीकडे पाहा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. पाच मिनिटांनंतरही रेष चालूच असेल तर हवा मागून येते आहे.

त्याहून पक्की परीक्षा डब्याची. पाच लिटरचा स्वच्छ डबा गाळलेल्या डिझेलने भरून इंजिनच्या उंचीवर बांधा, सायलेन्सरपासून लांब. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाच्या तोंडाशी काढा आणि तिथे दुसरी चांगली नळी लावून ती डब्यात सोडा. उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्नचा पाइप टाकीकडेच राहू द्या, फक्त डबा रिकामा होऊ देऊ नका. फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की कसा. उभ्या गाडीत इंजिन थोडं चालवून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर पंप आणि नोझल दोघेही निर्दोष सुटले, दोष टाकीपासून इंजिनपर्यंतच्या पाइपात आहे. तो आख्खा पाइप, क्लिपा आणि वॉशर बदला. एकच जोड बदलून थांबू नका, पंधरा वर्षांचं रबर सगळीकडे सारखंच वाळलेलं असतं.

एक सावधगिरी. डब्याचा हा प्रयोग साध्या पंपाच्या गाडीचा आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या गाडीत हजार बारच्या वर दाब असतो, तिची पंपापुढची पाइपलाइन घरी कधीच उघडू नये. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. साध्या पंपाच्या गाडीतही नोझलच्या तोंडाशी हात नेऊ नका.

घाटात दम सोडण्याचं मूळही बहुधा डिझेलच्या याच वाटेत आहे. डिझेल इंजिनला हवा कमी पडली की जळायचं राहिलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर येतं: चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप. ताकद गेली पण धूर काळा झाला नाही, तर कमी पडतंय ते डिझेल. सपाट रस्त्यावर अर्धवट चोंदलेला फिल्टर भागवून नेतो, भेरूघाटात दुसऱ्या गिअरला भरलेली गाडी पूर्ण डिझेल मागते तेव्हा तो उघडा पडतो. फिल्टर बदला, त्याच्या तळाचं पाणी काढा, टाकीतली जाळी धुऊन घ्या. आणि पुढच्या वेळी घाटात दम सुटला की बाजूला सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. डिझेल जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकी स्वतःच डिझेल धरून ठेवते. आमच्या गाडीत मातीने ते भोक इतकं बुजलं होतं की टाचणीच्या टोकाने उकरावं लागलं.

सेल्फ कसा फिरतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. जोरात फिरूनही उठत नसेल तर वरचं सगळं लागू. सुस्त फिरत असेल तर आधी वीज पाहा. वडिलांच्या गाडीचा सेल्फ मोटर दोनदा बदलला गेला, बॅटरी नवी आली, तरी थंडीत तीच रडकथा. शेवटी एका पहाटे सेल्फ मारत असताना माझा हात क्लचच्या केबलला लागला आणि ती गरम होती. त्या केबलमधून वीज जायचं कारणच नव्हतं. इंजिन आणि चॅसिसमधली अर्थची पट्टी आतून गंजून तुटली होती, परतीची वीज वाट शोधत क्लचच्या केबलमधून जात होती. पट्टी बदलली, जागा घासून चकचकीत केली, आणि तोच "खराब" सेल्फ पुढे वर्षानुवर्षे चालला.

याचा हिशेब साधा आहे. सेल्फ २०० अँपिअरच्या आसपास ओढतो. जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मल्टिमीटरने पाहा: रात्रभर थांबलेली बॅटरी १२.६ च्या जवळ हवी, सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको, चालू गाडीत १३.८ ते १४.४. मग एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये.

काटा चढण्याचं फार लांबवत नाही. रेडिएटर बाहेरून धुवा, आपली काळी माती आणि भुसा त्याच्या पट्ट्यांत थापल्यासारखे बसतात. पंख्याचा बेल्ट पाहा. झाकण नवं घाला: झाकणाने १ बार दाब धरला तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, सैल झाकणाखाली १०० लाच. गार इंजिनवर झाकण काढून गाडी चालू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, दाखवा. गरम असताना झाकणाला हात लावू नका.

आता ब्रेक. दादा, तुम्ही हे सगळ्यात शेवटी आणि एका ओळीत लिहिलं आहे, पण काम सगळ्यात आधी याचंच करा. घाट चढला नाही तर गाडी उभी राहील, उतरताना थांबली नाही तर समोर दुसऱ्याची मुलं असतील. डावीकडे ओढते म्हणजे पुष्कळदा डावा ब्रेक जास्त लागतोय असं नसून उजवा लागतच नाहीये. पाच-सात किलोमीटर जाऊन थांबा आणि हात न टेकवता, जवळ नेऊन चारही चाकांची धग पाहा. समोरचं उजवं गार असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (ब्रेक दाबणारा भाग) जाम किंवा रबरी ब्रेक पाइप आतून फुगलेला. तो पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, आत भोक बुजलेलं असतं. एखादं चाक जळत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मागच्या ड्रमात हबचं ऑइल झिरपलंय का, तेही उघडून पाहायला सांगा, ओल्या लायनरने ब्रेक लागत नाही.

ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी शोषलेलं १४० ला उकळू शकतं. लांब उतारावर ड्रम तापले की ऑइलची वाफ होते, आणि पेडल एकदम खाली जातं. ब्रेकचे सगळे रबरी पाइप बदला, ऑइल नवं भरा, आणि उतारावर ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा.

ब्रेक झाल्यावर डबा लावा. पहिल्या सकाळी किती सेल्फमध्ये उठली आणि पांढरा धूर राहिला का, ते मला कळवा. डब्यावरही पांढरा धूर तसाच असेल तर ऑइलचं झाकण काढून इंजिन बॅक मारतंय का, म्हणजे तिथून धूर आणि दाब बाहेर येतोय का, ते पाहू. मग प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, आणि त्याची वाट वेगळी.