डीडीआर-३ मेमरीत डीएलएल बंद ठेवून वीज वाचवता येते का?

हो, येते, पण मुख्यतः मेमरी रिकामी बसलेली असताना. डीएलएल (डिले-लॉक्ड लूप) या मेमरी चिपमधल्या सर्किटचं काम म्हणजे रीडच्या, म्हणजे डेटा वाचण्याच्या वेळी बाहेर पडणारा डेटा बाहेरच्या क्लॉकशी जुळवणं. त्यासाठी त्याची डिले लाइन (सिग्नलला उशीर लावणारी साखळी) क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला हलत राहते, रीड असो वा नसो, आणि वीज तिथेच जाते. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीडीआर-३ मानकानुसार मेमरीच्या एमआर-० या सेटिंगच्या रजिस्टरमधला ए-१२ बिट ० ठेवला की प्रीचार्ज पॉवर-डाउनमध्ये (सगळ्या रो बंद करून कमी विजेवर थांबण्याच्या अवस्थेत) डीएलएल बंद होतो. मात्र बाहेर आल्यावर रीडआधी २४ नॅनोसेकंद किंवा क्लॉकचे १० ठोके, जे जास्त असेल तेवढं थांबावं लागतं. सेल्फ-रिफ्रेशमध्ये (मेमरी स्वतःच डेटा टिकवून धरते त्या अवस्थेत) डीएलएल आपोआप बंद होतो, पण नंतर पुन्हा लॉक व्हायला, म्हणजे क्लॉकशी जुळायला, ५१२ ठोके लागतात! सारख्या छोट्या रीड येत असतील तर या वाटेला जाऊच नका. बॅटरीवरचं नवं उपकरण असेल तर सरळ एलपीडीडीआर (कमी विजेवर चालणारी डीडीआर मेमरी) घ्या, त्यात डीएलएलच नसतो.