काकांना न दिसलेली पोस्ट

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सवरची एक राजकीय पोस्ट टाकली. साताऱ्यात मोठ्या दिरांना ती दिसेचना. ते म्हणाले, 'खोटी असणार, म्हणून काढली.' मुलगी म्हणाली, 'कंपनीने दाबली.' मिस्टर मध्येच उसळले, 'दाबतात ते उजव्यांना!' तीन आठवडे झाले, ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग चालू आहे.

उत्तर : ताई, आधी दिरांकडून स्क्रीनशॉट मागवा. कायदेशीर मागणीमुळे हे खातं भारतात 'विथहेल्ड' (म्हणजे रोखलेलं) आहे, असं त्यावर लिहिलेलं असेल, तर दीर आणि मुलगी दोघंही चुकले. पोस्ट कुणी काढलेली नाही. एडिसनला दिसते, साताऱ्यात झाकली आहे. असा पडदा अनेकदा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या सरकारी आदेशाने पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये, शेतकरी आंदोलनाच्या ऐन भरात, ट्विटरने (एक्सचं तेव्हाचं नाव) अडीचशेच्या आसपास खाती झाकली. त्यात 'किसान एकता मोर्चा' होता, 'कॅरव्हॅन' मासिकही होतं. त्याच दिवशी ती उघडली. सरकारचा दट्ट्या आल्यावर काही खाती पुन्हा झाकली, तीही फक्त भारतापुरती. अशा आदेशांविरुद्ध कंपनी पुढे कोर्टात गेली, तर जून २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने याचिका फेटाळून वर ५० लाखांचा दंड ठोठावला. हे आदेश गोपनीय ठेवतात, तेच मला खटकतं. भांडायचं तरी कशावरून?

मिस्टरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रम्प यांच्या बाजूचे हॅशटॅग वापरणाऱ्यांची ट्विटर खाती बायडेनवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त बंद झाली. 'नेचर'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासात हे आहे. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ही मंडळी भरवशाच्या नसलेल्या बातम्याही जास्त पसरवत होती, आणि बातम्यांचा दर्जा दोन्ही पक्षांच्या सामान्य लोकांकडून ठरवून घेतला तरी चित्र तेच राहिलं. उलट ट्विटरनेच २०२१ मध्ये सात देशांचा हिशेब मांडला, तेव्हा जर्मनी सोडून सहा देशांत कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदम उजव्या पक्षांच्या नेत्यांना डाव्यांपेक्षा जास्त पुढे ढकलत होता. म्हणजे एका हाताने खाती बंद, दुसऱ्या हाताने कर्णा मोठा! आणि हे सगळं मस्क यांनी कंपनी घ्यायच्या आधीचं.

येत्या रविवारी सकाळी (साताऱ्यात तेव्हा संध्याकाळ) व्हिडिओ कॉल लावा. एक्सवर आपापला 'फॉर यू' (अल्गोरिदमने निवडलेल्या पोस्टचा कप्पा) उघडून पहिल्या पाच पोस्ट एकमेकांना वाचून दाखवा. प्रत्येकाला वेगळं ताट वाढलेलं दिसेल. मग 'फॉलोइंग'वर जा, तिथे निदान कुणाला वाचायचं ते आपण निवडलेलं असतं.

पण त्याआधी मुलीला काकांना वेगळा फोन करू द्या, ग्रुपवर नको. 'काका, तुमच्याकडे काय दिसतंय?' एवढंच विचारायचं. 'तुमच्या सरकारने' हे शब्द तेवढे गिळायला सांगा.