विचारा की! : आमचा टीव्ही गेम कन्सोल होता की नव्हता?

प्रश्न : लहानपणी आमच्याकडे टीव्ही गेम होता, पिवळ्या कॅसेटा, दोन रिमोट आणि बदकं मारायची बंदूक. परवा माळा आवरताना सापडला, मी कौतुकाने म्हटलं हा बाबांचा पहिला कन्सोल, तर नववीतला मुलगा हसायलाच लागला. म्हणे हे डुप्लिकेट खेळणं आहे, कन्सोल म्हणजे सोनीचा पीएस५, ह्याच्यात ना ऑपरेटिंग सिस्टीम ना काही सेव्ह होतं. बायको पण त्याच्याच बाजूने. निकाल द्या. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दावा खर्चासह मंजूर.

डुप्लिकेट होता एवढं मात्र मान्य करून टाका, पोराचं तिथे बरोबर आहे. निन्टेन्डो कंपनीने १९८३ च्या जुलैत जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला आणि आपल्याकडे घराघरात आले ते बहुतेक टीव्ही गेम त्याच्याच नकला. तुमचा उघडून बघा, बहुतेक आत एक टीचभर बोर्ड आणि त्यावर डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका दिसेल, अख्खा फॅमिकॉम त्या ठिपक्यात कोंबलेला असतो. कॅसेटला ६० पिना, जपानी कॅसेटसारख्याच. पण नकली घड्याळ वेळ दाखवतंय ना, मग ते घड्याळच की.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं. मुलाला सांगा की जगातला पहिला घरगुती कन्सोल म्हणजे १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून आलेला, त्यात ऑपरेटिंग सिस्टीम सोडाच, प्रोसेसर पण नव्हता! आवाज नाही, स्कोअर नाही. पडद्यावर पांढरे ठिपके हलायचे, टेनिसचं कोर्ट वगैरे पाहिजे तर रंगीत प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा, आणि स्कोअर आपला कागदावर लिहायचा. सोबत फासे आणि खोट्या नोटा पण यायच्या, म्हणजे अर्धा व्यापारच म्हणा ना. त्याची जी गेम कार्डं होती त्यांच्यात गेम नसायचाच, कार्ड खुपसलं की आतल्या सर्किटच्या वेगवेगळ्या तारा जोडल्या जायच्या, बास. कॅसेटमध्ये खराखुरा प्रोग्राम आणि मशीनमध्ये तो चालवणारा मायक्रोप्रोसेसर, हे १९७६ च्या फेअरचाइल्ड चॅनल एफ पासून. तुमचा टीव्ही गेम त्या हिशोबाने पुढारलेला. आणि सेव्हचं म्हणाल तर खऱ्या निन्टेन्डोत पण मशीनमध्ये काही सेव्ह व्हायचं नाही, काही कॅसेटांच्या पोटात बॅटरी असायची, तिच्या जिवावर चालायचं ते.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून स्टीम डेक आणलाय, हातात धरून गेम खेळायचं मशीन, मी त्याला कन्सोल म्हटलं की चिडतो, पीसी म्हण म्हणतो. नक्की काय? आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावून हातात कंट्रोलर घेतला तर तो कन्सोल झाला का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भाचा बरोबर आहे, पण कारण विचारा त्याला, कारण बहुतेक लोक इथे चिपकडे बोट दाखवतात आणि तिथेच घसरतात. पीएस५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि स्टीम डेक, तिघांच्या आत एएमडीचा झेन २ प्रोसेसर, ग्राफिक्स पण एकाच घराण्यातलं. २००१ चा पहिला एक्सबॉक्स तर पेंटियम ३ आणि हार्ड डिस्कवाला, आतून पाहिलं तर चक्क पीसी, तरी त्याला कोणी पीसी म्हणत नाही. आतला माल बघून ठरवायला गेलात तर काहीच ठरत नाही.

माझ्या मते बघायचं ते दाराकडे. मशीनवर काय चालणार हे कोण ठरवतं? कन्सोलमध्ये ते कंपनी ठरवते. निन्टेन्डोने अमेरिकेत १९८५ ला फॅमिकॉम नेला तेव्हा त्यात एक चिप बसवली, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर मशीन सारखं रिसेट व्हायचं. पीएस३ वर सुरुवातीला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, टाकता यायचं, अमेरिकेच्या वायुसेनेने तर १,७०० च्या वर पीएस३ जोडून सुपरकॉम्प्युटर बनवला, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सोनीने एका अपडेटने ती सोय बंद करून टाकली. पैसे तुम्ही दिलेत, पण किल्ली त्यांच्याकडे. स्टीम डेकवर डेस्कटॉप उघडतो, हवं तर विंडोज टाका, किल्ली तुमच्याकडे. म्हणून तो पीसी. लॅपटॉप पण टीव्हीला लावा नाहीतर फ्रिजला, पीसीच. (आता म्हणाल की मग टीव्ही गेमचं दार तर उघडंच होतं, कुठलीही कॅसेट चालायची. चालायची, पण गेमचीच. फॅमिकॉममध्ये ती कुलुपाची चिप नव्हतीच, म्हणून तर नकला करणाऱ्यांचं फावलं.)

गंमत म्हणजे कंपन्यांना सोयीचं असेल तेव्हा त्याच स्वतःच्या कन्सोलला कॉम्प्युटर म्हणतात. फॅमिकॉमचं पूर्ण नावच फॅमिली कॉम्प्युटर. पीएस२ च्या वेळी सोनीने युरोपात सोबतच्या डेमो डिस्कवर याबेसिक नावाची प्रोग्रामिंगची भाषा दिली आणि हा कॉम्प्युटर आहे, ह्याला कॉम्प्युटरसारखाच आयात कर लावा म्हणून कोर्टापर्यंत भांडली. त्यात किती जणांनी प्रोग्राम लिहिले देव जाणे.

प्रश्न : तो हातातला विटांचा ब्रिक गेम, ९९९९ इन १ लिहिलेला, तो पण कन्सोल का? आणि जत्रेतलं नाणं टाकायचं मशीन? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ब्रिक गेम नाही, माझ्या हिशोबाने. त्यात कॅसेट बदलता येत नाही, पडद्यावरचे चौकोन पण ठरलेले. (९९९९ पण नसतात हो, मोजकेच गेम, स्पीड आणि लेव्हल बदलून मोजलेले.) कस्टमवाले मात्र माझं ऐकणार नाहीत. त्यांच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ९५०४.५० हा आकडा टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा पण आहे आणि स्वतःचा पडदा असलेल्या गेम मशीनचा पण, कॅसेट बदलते का असं कोणी विचारत नाही.

नाणं टाकायच्या मशीनला मात्र तिथे वेगळा आकडा, ९५०४.३०. नाणं, टोकन, कार्ड, कशानेही पैसे घेऊन चालणारं मशीन तिकडे, म्हणजे जत्रेतलं मशीन कन्सोल नाही. पण पूर्वी गल्लीत एखादा दुकानदार टीव्ही आणि टीव्ही गेम मांडून तासावर पैसे घ्यायचा ना, तिथे नाणं मशीनमध्ये नाही, त्याच्या हातात पडायचं, आणि वेळ संपली की तो स्वतः येऊन बटण बंद करायचा. तो कन्सोलच.