जूनपासून घरात कोणी ना कोणी आजारीच

«मावशी, मुलगा सव्वा वर्षाचा आहे. माझा नागपूरला मिहानमध्ये जॉब, म्हणून जूनमध्ये त्याला पाळणाघरात घातलं. तीन महिन्यांत सहा वेळा आजारी पडला, त्याचं झालं की मी, मग हे. माझ्या सगळ्या सुट्ट्या संपल्या, ह्यांना ऑफिसमधून सुट्टी मिळत नाही. सासूबाई वर्ध्याहून रोज फोन करतात, काहून टाकलं लेकराला तिथं? माझं चुकलं का?»

अगं बाई, चुकलं-बिकलं काही नाही. आत्ता हे वाचतानाही तुझ्या ड्रेसच्या खांद्यावर शेंबडाचा वाळलेला पट्टा असेल, खरं ना? माझ्या नातवाच्या वेळी मुलगी तशीच ऑफिसला जायची, लिफ्टमध्ये कोणीतरी सांगायचं तेव्हा कळायचं.

पाळणाघरातल्या लेकराला पहिल्या वर्षात ८-१० वेळा सर्दी होणं नॉर्मलच आहे. सर्दीचे व्हायरस दोन-चार नाही, शेकड्यांनी आहेत, त्याच्या अंगाला सगळे नवे. त्यात खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे एक जायच्या आत दुसरी येते आणि आपल्याला वाटतं हा बरा झालाच नाही. आत्ता घरी ठेवला असता तर शाळेत गेल्यावर हेच झालं असतं. सासूबाईंना एवढंच सांग, वाद नको घालू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढून "खोकला घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतं, पिवळी मारबत १८८५ पासून निघून राहिली, तेव्हा कुठे होती बापा पाळणाघरं?

औषधाचं मात्र नीट ऐक. मेडिकलवाल्याला विचारून खोकल्याचं सिरप आणायचं नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपमुळे किडनी फेल होऊन आपल्याच नागपुरात आणली होती, कित्येक गेली. त्यानंतर केंद्राने सांगितलंच आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको, व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही. सलाईनचे थेंब टाकून झोपायच्या आधी नाक साफ कर, आणि वर्ष झालंय तर रात्री अर्धा चमचा मध चालतो. झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज, ४० च्या वर जात असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडला असेल किंवा सू कमी झाली असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखान्यात. फ्लूची लस दरवर्षी असते, डॉक्टरांना विचार, तुम्ही दोघंही घ्या. घरी आल्याबरोबर साबणाने हात, त्याचेही अन् तुमचेही, कारण ते हॅन्ड-फूट-माउथ (हाता-पायावर, तोंडात फोड येतात ते) वगैरे सॅनिटायझरला फारसं जुमानत नाही. आणि त्याचं उष्टं खाणं बंद कर गं, अर्धी पोळी वाया गेली तर गेली.

आता ते एक वाक्य, जे तू घाईत लिहून पुढे गेलीस. "ह्यांना सुट्टी मिळत नाही." मागितली का त्यांनी? एकदा तरी? सहा आजारपणं आणि सहाही तुझ्या खात्यात, हे मला त्या खोकल्यापेक्षा जास्त खटकलं. ताप असलेल्या लेकराला सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाळणाघरात सोडतात ना, ते लोक वाईट नसतात, त्यांच्या घरीही असंच कोणाची तरी सुट्टी संपलेली असते, अन् मग बाकीच्या दहा घरी तेच पोचतं. तू तसं करू नको, पण त्यासाठी दुसरा माणूस लागतो. सासूबाईंना एवढी काळजी आहे तर बोलव की आठ दिवस, वर्धा काय लांब आहे, वाटल्यास दृष्ट काढू दे रोज.

आज रात्री, लेकरू झोपल्यावर, कॅलेंडर घेऊन दोघं बसा. पुढच्या तापाचा पहिला दिवस ह्यांचा, दुसरा तुझा, असं लिहूनच टाका, पेनाने.

– मावशी