गळती म्हणजे बिघाड नव्हे

प्रश्न : हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) निरोधक, म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या, चेतापेशींतून पोटॅशियमची ‘गळती’ होते, हा दोष आहे का? ती मोजतात कशी?
– एक विद्यार्थिनी, खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : दोष मुळीच नाही. ही गळती पेशीच्या पटलातल्या, विश्रांतीतही उघड्या असणाऱ्या पोटॅशियम-मार्गांतून होते आणि हे मार्ग पेशीचे विभव (आत-बाहेरचा विद्युत्‌दाबाचा फरक) ऋण राखतात. पोटॅशियम बाहेर ३ आणि आत १४० मिलिमोलर असेल, तर ३७ अंश सेल्सिअसला त्याचे समतोल विभव, म्हणजे ज्या विभवाला पोटॅशियमचा निव्वळ प्रवाह शून्य होतो ते, सुमारे −१०३ मिलिव्होल्ट येते.

हिप्पोकॅम्पसच्या सीए१ नावाच्या भागातल्या काही निरोधक पेशींत ‘टास्क’ गटाचे असे गळती-मार्ग सापडतात, सगळ्यांत नव्हे. हे मार्ग आम्लाने मिटतात. म्हणून मेंदूच्या जिवंत कापावर टेट्रोडोटॉक्सिन आणि झेडडी ७२८८ ही रोधक द्रव्ये देऊन अनुक्रमे सोडियमचा प्रवाह व एच-प्रवाह (विभव जास्त ऋण झाल्यावर सुरू होणारा) आधी थांबवायचा, मग द्रावणाचा सामू (पीएच) ७.४ वरून ६.४ वर आणायचा; दोन्ही नोंदींतला फरक म्हणजे टास्कची गळती. त्यासाठी हेपेस हा बफर (सामू स्थिर राखणारे द्रव्य) बरा. बायकार्बोनेटचा सामू कार्बन डायऑक्साइड जरा कमी झाला की सरकतो.

खरी फसगत पुढे आहे. याच पेशींत आम्लाने उघडणारे ‘एसिक’ मार्गही असतात आणि आम्लामुळे नोंदीत दिसणाऱ्या बदलाची दिशा दोन्हींत तीच! मात्र एसिकचा प्रवाह झटकन चढून ओसरतो, टास्कमधला बदल टिकतो. शंका उरली तर एसिक रोखणारे अमिलोराइड वापरा. दोन्ही सामूंच्या नोंदींची वजाबाकी −१०३ मिलिव्होल्ट विभवाच्या आसपास शून्य होत नसेल, तर संधी-विभवाची (दोन वेगळी द्रावणे भेटतात तिथे तयार होणाऱ्या विभवाची) दुरुस्ती राहिली का ते तपासा. नोंदीच्या काचनळीत पोटॅशियम ग्लुकोनेटचे द्रावण असेल तर ती दहा-पंधरा मिलिव्होल्ट भरते.