उद्यमबागेत शेड घेतलीस, आता ऑपरेटर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) बसली आणि ती चालवायला माणूस मिळेना म्हणतोस. उद्यमबागेत घरोघरी मातीच्या चुली! बटण दाबणारे पायलीचे पन्नास. ड्रॉइंग वाचून ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) घालणारा मात्र पुण्याजवळ चाकणला नाहीतर गोव्यात वेर्ण्याला गेलेला असतो.

दोन हजार जास्त देऊन शेजारच्याचा ऑपरेटर फोडू नकोस. तो तुझ्याकडेही टिकत नाही, वर शेजाऱ्याशी कायमचं वाकडं. आणि हीट ट्रीटमेंटला (धातू तापवून कडक करायला) आपले जॉब, म्हणजे घडवलेले भाग, त्याच्याच जॉबबरोबर एका गाडीतून पाठवायचे असतात रे.

मुलाखतीत सर्टिफिकेट नंतर बघ. आधी हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि टर्न केलेला, म्हणजे लेथवर कातलेला, तुकडा दे. जॉब फडक्यानं पुसतो का, झिरो तपासतो का, टोकाच्या रॅचेटनं (ठरावीक दाबानंतर सुटणाऱ्या मुठीनं) फिरवतो की मुठीत आवळतो, एवढं बघितलंस की पुरे.

नवीन पोरं आयटीआयमधून अप्रेंटिस म्हणून घे. ३० कामगारांपासून पुढे ते बंधनकारक आहे, पण चार माणसांच्या शॉपलाही घेता येतात. २०१६ला सुरू झालेल्या ‘नॅप्स’ या केंद्राच्या अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्रानं उचलायचं ठरलं. जीटीटीसी, म्हणजे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र, तर उद्यमबागेतच आहे. शेवटच्या सेमिस्टरच्या आधीच जाऊन सरांना भेट. निकाल लागल्यावर गेलास तर पुणेवाले उचलून नेतात.

खानापूरकडची पोरं भातकापणीला दांडी मारणारच. चिडू नकोस, त्या दिवसांतल्या डिलिव्हरीच्या तारखाच सैल दे. सेकंड शिफ्ट लावायच्या आधी त्यांच्या गावची शेवटची बस किती वाजता सुटते ते विचार.