वाचकांचे प्रश्न : रोस्टर, डिले आणि बोनस

प्रश्न : विमानतळावर चेक-इन आणि बोर्डिंगची टीम माझ्याकडे आहे. 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' बक्षीस सुरू केलं, पगारही वाढले. तरी राजीनामे थांबत नाहीत. कुठे चुकतंय?

उत्तर : बक्षीस राहू द्या, आधी रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, उघडा. कामाची गोडी लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि वैताग आणणाऱ्या वेगळ्या, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं. गोडी वाढवली म्हणून वैताग कमी होत नाही.

मागच्या तीन महिन्यांत प्रत्येकाची शिफ्ट रोस्टर लागल्यावर किती वेळा बदलली, सुट्टीत किती वेळा बोलावलं, पहाटेच्या ड्यूट्या किती पडल्या आणि अदलाबदल किती वेळा नाकारली, ते मोजा. बहुधा दोन-चार नावांपुढेच आकडे फुगलेले दिसतील. घाईत फोन जातो तो 'नाही' न म्हणणाऱ्यालाच, आणि कंटाळून आधी तोच जातो. स्टँडबायचा, म्हणजे ऐनवेळी कोणाला बोलवायचं त्याचा, क्रम लेखी ठेवा. येऊन गेलेल्याचं नाव यादीच्या तळाशी. दोघांची पात्रता आणि विश्रांतीचे तास जुळत असतील, तर अदलाबदल २४ तासांत मंजूर करा. नाकारलीत तर कारण लिहून द्या.

दुसरं दुखणं डिले कोडचं, म्हणजे उशिराचं कारण नोंदवणाऱ्या आकड्याचं. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत १५ म्हणजे बोर्डिंग, ३२ म्हणजे सामानाची चढ-उतार, ९३ म्हणजे आधीच्या फेरीहून विमानच उशिरा आलं. विमान सात मिनिटं उशिरा सुटलं, की 'कोड आमच्या नावावर नको' म्हणून गेटवाले आणि रॅम्पवाले (विमानाजवळ सामान चढवणारे-उतरवणारे) वॉकीटॉकीवर जुंपतात. उशीर का झाला, हे त्यात राहूनच जातं. अमेरिकेच्या साउथवेस्ट विमान कंपनीने यावर 'टीम डिले' असा सगळ्यांचा सामाईक कोडच ठेवला होता. आपल्याकडे कोड टाकावाच लागत असेल तर टाका, पण त्यावरून कोणाचं मूल्यमापन करू नका.

प्रश्न : वेळेवर उड्डाणासाठी बोनस द्यायचा आहे. एकेकट्याला द्यावा की सगळ्यांना?

उत्तर : सगळ्यांना. एकट्या गेटवाल्याच्या हातून विमान वेळेवर सुटत नाही. उशिरांपायी महिन्याला सुमारे ५० लाख डॉलर गमावणाऱ्या अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने १९९५ मध्ये, वक्तशीरपणात पहिल्या पाचांत आलेल्या प्रत्येक महिन्यासाठी दर कर्मचाऱ्याला ६५ डॉलर द्यायला सुरुवात केली. तळाची कंपनी काही महिन्यांतच वर आली. रक्कम लहान, पण चेक पगारापासून वेगळा होता; पगारात मिसळली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती. हिशेब महिन्याचाच ठेवा. वर्षाचा ठेवलात आणि धुक्यात दोन महिने गेले, की पुढचे दहा महिने कोणी मनावर घेत नाही. फक्त वेळ मोजलीत, तर बॅगा खाली ठेवून विमान सोडलं जाईल. म्हणून मागे राहिलेल्या बॅगांचा आकडाही अटीत घाला.

प्रश्न : केबिन क्रूची सर्वात मोठी तक्रार कोणती?

उत्तर : अनेक कंपन्यांत तासाचा पगार दार बंद झाल्यावर सुरू होतो, आणि प्रवासी चढताना सामानावरून होणारी हुज्जत त्याच्या आधीची. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये एअर कॅनडाचा क्रू संपावर गेला, त्यातही जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा मुद्दा होता.